दुबार पेरणी आणि नांग्या भरणे
आज्ञावली बांधणाऱ्या साधनांची एक चिकित्सा

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हे गाव आहे. नृसिंहाच्या मंदिरामुळे ते आसपासच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. तेथे थोरल्या चुलतभावाकडे मुक्कामाला असताना एक प्रसंग घडला. जुलैचे दिवस होते, कापूस नुकताच उगवला होता. अकरावीत शिकणारी पुतणी जुन्या संगणकावर काम करीत होती. मोफत मिळणाऱ्या, सी-प्लस-प्लस भाषेत लिहिलेल्या एका खेळाची मूळ आज्ञावली तिने मिळवली होती. खेळातल्या सूचना मराठीत आणण्याचा तिचा बेत होता. तिने एक शब्द बदलला, फाइल साठवली आणि बांधणीची आज्ञा दिली. पडद्यावर फाइलींची नावे एकामागून एक सरकू लागली. दहा-बारा मिनिटे झाली आणि वीज गेली. वीज आल्यावर तिने पुन्हा आज्ञा दिली, तर पहिल्या फाइलीपासून सारे पुन्हा सुरू झाले.

दादा बाजूला बसून हे पाहत होता. त्याने विचारले, "काय बदललं तिनं?"

"एक शब्द, दादा."

"मग सारं कशाला पुन्हा करायलंय ते? चार ठिकाणी बी निघालं नाही तर आपण नांग्या भरतो. सारं रान मोडत नाही."

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. उगवण झाल्यावर ओळीत ज्या जागा रिकाम्या राहतात, तेवढ्याच जागी पुन्हा बी लावणे म्हणजे नांग्या भरणे. पाऊस दगा देतो आणि सगळे उगवलेले जळून जाते, तेव्हा करावी लागते ती दुबार पेरणी. पहिले काम घरच्या माणसांनी सकाळी उरकण्याचे, दुसरे कंबरडे मोडणारे. दादाला संगणकातले काही कळत नाही, पण त्याचा प्रश्न अचूक होता. गेली पन्नास वर्षे संगणकशास्त्रज्ञ हाच प्रश्न सोडवीत आहेत आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्याच्या वाट्याला दुबार पेरणीच येते. असे का व्हावे, त्यातले किती क्षम्य आणि किती अक्षम्य, हे या लेखात तपासून पाहू.

बांधणी म्हणजे काय?

माणसाने लिहिलेली आज्ञावली संगणकाला थेट कळत नाही. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. मोठी आज्ञावली एका फाइलीत मावत नाही; ती शेकडो फाइलींत विभागलेली असते. कंपायलर प्रत्येक फाइलीचे स्वतंत्र रूपांतर करतो आणि मग 'लिंकर' नावाची आज्ञावली ते तुकडे जोडून एक चालणारी वस्तू तयार करते. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे, कशानंतर काय करायचे, याची देखरेख करणारे आणखी एक साधन असते. त्याला आपण बांधणीचे साधन म्हणू. पोखर्णीतल्या त्या दुपारी वेळ खाणारे हे तिघे होते.

वाट पाहणे संगणकाच्या जन्मापासूनच आहे. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषेचा कंपायलर पूर्ण केला. त्यासाठी एका माणसाची अठरा वर्षे लागावीत इतके श्रम खर्ची पडले. आपल्याकडे १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्या काळी आज्ञावली छिद्रांच्या कार्डांवर उतरवत. कार्डांचा गठ्ठा यंत्राच्या खोलीत द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला तर एक फेरी वाया. तरी त्याविषयी तक्रार करणे योग्य ठरणार नाही, कारण तेव्हा यंत्राचा एक तास माणसाच्या एका दिवसापेक्षा कितीतरी महाग होता. माणसाने थांबावे आणि यंत्राने चालत राहावे, हा हिशेब त्या परिस्थितीत बरोबरच होता.

पुढे यंत्र स्वस्त झाले आणि हिशेब उलटला. हे सर्वांत आधी ओळखले ते वैयक्तिक संगणकासाठी लिहिणाऱ्यांनी. १९८३ साली बोरलँड या कंपनीने अँडर्स हेल्सबर्ग यांनी लिहिलेला टर्बो पास्कल बाजारात आणला. किंमत पन्नास डॉलरच्या आत. तिसऱ्या आवृत्तीची मुख्य फाइल सुमारे ४० हजार बाइटची होती. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही त्याच्या कितीतरी पट मोठे असते. तेवढ्यात मजकूर लिहिण्याची सोय आणि कंपायलर दोन्ही होते. मूळ मजकूर वरपासून खालपर्यंत एकदाच वाचायचा आणि वाचता वाचताच यंत्रभाषा तयार करायची, तीही स्मृतीतल्या स्मृतीत, ही त्याची रीत होती. कळ दाबली की चूक दिसते, सुधारली की चालते.

आपल्यापैकी अनेक शिक्षकांनी त्याच घराण्यातल्या टर्बो सी-प्लस-प्लसच्या निळ्या पडद्यावर मुलांना शिकवले आहे. राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत तो वर्षानुवर्षे वापरला गेला. त्याच्यावर टीका झाली ती योग्यच होती, कारण १९९८ साली सी-प्लस-प्लस भाषेचे पहिले प्रमाणीकरण झाले त्याच्याही आधीचा तो कंपायलर. त्यावर शिकलेले बरेच काही आज चालत नाही. पण तो इतका का टिकला, याचे एक उत्तर टीकाकारांनी लक्षात घेतले नाही. मोडक्या संगणकावरही तो मुलाला ताटकळत ठेवीत नसे.

क्षम्य विलंब

आजचा संगणक त्या काळच्या यंत्राच्या हजारो पट वेगवान आहे. मग आजचा कंपायलर अधिक वेळ का घेतो? याचे एक कारण पूर्णपणे आदरणीय आहे. आजचा कंपायलर रूपांतर करून थांबत नाही. तयार होणारी आज्ञावली वेगाने चालावी म्हणून तो तिचा अभ्यास करतो. या अभ्यासात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा वाटा मोठा आहे.

एक उदाहरण घेऊ. आज्ञावलीत एके ठिकाणी 'अ गुणिले ब' काढले आहे. पुढे दोन वाटा एकत्र येतात आणि तोच गुणाकार पुन्हा मागितला जातो. एका वाटेने आलो तर तो आधीच झालेला आहे, दुसऱ्या वाटेने आलो तर झालेला नाही. मग तो दुसऱ्या वाटेवर आधी करून ठेवला, तर पुढे कधीच दुबार करावा लागणार नाही. हे ओळखण्याची रीत १९७९ साली मोरेल आणि रेनव्हॉइस यांनी मांडली. ती व्यवहारात नीट वापरता यावी म्हणून पवईच्या प्रा. धनंजय धामधेरे यांनी १९९१ साली तिचे सुधारित रूप प्रसिद्ध केले. १९९४ साली प्रा. उदय खेडकर आणि धामधेरे यांनी अशा विश्लेषणांची अधिक व्यापक उपपत्ती मांडली. पुढे खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी या मुक्त कंपायलरचा अभ्यास करणारे एक केंद्रही पवईत उभे राहिले.

अशा विश्लेषणाला वेळ लागतोच. दुसरे उदाहरण घ्यायचे तर प्रक्रियकात मोजक्याच अतिवेगवान जागा असतात. कोणती संख्या कोणत्या जागी ठेवायची हा प्रश्न १९८१ साली ग्रेगरी चैटिन आणि सहकाऱ्यांनी आलेख रंगवण्याच्या कोड्यासारखा मांडला. शेजारच्या दोन बिंदूंना एकच रंग नको, आणि रंग तर थोडे! सर्व आलेखांसाठी याचे हमखास जलद उत्तर आज कोणालाही ठाऊक नाही. तेव्हा कंपायलर अंदाजाच्या युक्त्या वापरतो. वेधशाळेत दिवसरात्र चालणाऱ्या आज्ञावलीसाठी हा वेळ खर्चणे हे फायद्याचे आहे, कारण एकदा दिलेली मिनिटे पुढे हजारो तास वाचवतात. रस्टसारखी नवी भाषा बांधणीला वेळ घेते, पण स्मृतीच्या वापरातल्या धोकादायक चुकांचा एक मोठा वर्ग आज्ञावली चालण्यापूर्वीच पकडते. हाही सरळ सौदा झाला. वेळ घेतला, मोबदला दिला.

तरीही येथे निक्लाउस विर्थ यांचा दंडक आठवावा. पास्कल भाषेचे हे जनक २०२४ च्या पहिल्या दिवशी निवर्तले. त्यांचा कंपायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला असे, म्हणजे तो स्वतःचेही रूपांतर करू शके. त्यात कोणी नवी युक्ती सुचवली की ते पाहत: या युक्तीमुळे कंपायलरला स्वतःचे रूपांतर करायला कमी वेळ लागतो का? लागत असेल तरच युक्ती ठेवायची. हा दंडक सर्वांना पेलणारा नाही, पण त्यातला विचार महत्त्वाचा आहे: विलंबाने आपला मोबदला सिद्ध करून दाखवला पाहिजे.

अक्षम्य विलंब

आता पोखर्णीच्या संगणकाकडे परत येऊ. तेथे गेलेल्या वेळापैकी फार मोठा भाग मोबदल्याशिवाय गेला. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण हेडर फाइलींचे. सी आणि सी-प्लस-प्लस या भाषांत दुसऱ्या फाइलीतली एखादी सोय वापरायची, तर तिची हेडर फाइल 'समाविष्ट करा' असे वर लिहावे लागते. समाविष्ट करणे म्हणजे शब्दशः सगळा मजकूर तेथे आणून ओतणे. त्या हेडरमध्ये आणखी हेडर, त्यांत आणखी. 'नमस्कार' एवढेच छापणारी पाच ओळींची सी-प्लस-प्लस आज्ञावली घेतली, तर कंपायलरसमोर प्रत्यक्षात साधारण तीस हजार ओळी येतात. आवृत्तीनुसार आकडा कमीजास्त होतो. आता गणित करू. एका आज्ञावलीत १०० फाइली आहेत, प्रत्येकीत २०० ओळी. माणसाने लिहिल्या २०,००० ओळी. प्रत्येक फाइलीने हाच तीस हजार ओळींचा संभार ओढून आणला, तर कंपायलर वाचतो ३०,२०,००० ओळी, म्हणजे १५१ पट. तोच मजकूर शंभर वेळा वाचायचा आणि ९९ वेळा विसरायचा!

हे केवळ कागदी उदाहरण नाही. गूगलमधल्या एका मोठ्या आज्ञावलीची मोजणी २००७ साली झाली होती. सुमारे दोन हजार फाइली, एकत्र केल्या तर ४.२ मेगाबाइट. हेडर ओतून झाल्यावर कंपायलरकडे गेलेला मजकूर मात्र आठ गिगाबाइटहून अधिक, म्हणजे जवळजवळ दोन हजार पट. अनेक संगणक जोडीला असूनही बांधणीला ४५ मिनिटे लागत. असा वेळ घालवतानाच रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी गो या नव्या भाषेची आखणी सुरू केली. २००९ मध्ये ती जाहीर झाली. तिच्यात एका भागाचे रूपांतर झाले की त्याचा सारांश ठेवला जातो. पुढचा भाग तो सारांश वाचतो, मूळ मजकूर नव्हे. विर्थ यांच्या परंपरेतल्या भाषांत ही रीत आधीपासूनच होती, हे मात्र सांगितले पाहिजे. सी-प्लस-प्लसच्या २०२० च्या प्रमाणकात अशी सोय आली, पण जुन्या आज्ञावलींचे डोंगर अजून हेडरवरच उभे आहेत. २०२२ च्या जानेवारीत इंगो मोलनार यांनी लिनक्सच्या गाभ्यातील हेडरची गुंतागुंत सोडवण्यासाठी बदल मांडले, तेव्हा त्यांची संख्या दोन हजारांवर गेली होती.

या टीकेतला उपरोध वाचकांच्या ध्यानात आला असेल. झालेला गुणाकार दुबार होऊ नये म्हणून कंपायलरच्या पोटात उत्तम गणित बसवलेले आहे. ते गणित विद्यार्थ्याच्या आज्ञावलीतली एक अनावश्यक कृती वाचवते. पण तिथवर पोचण्यासाठी त्याच कंपायलरला तीच हेडर फाइल शंभर वेळा वाचावी लागते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

विश्वासाचा प्रश्न

दुसरे कारण बांधणीच्या साधनाचे. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन लिहिले. त्यांच्या एका सहकाऱ्याची सकाळ एका चुकीच्या शोधात वाया गेली होती. चूक त्याने आधीच सुधारलेली होती. सुधारलेल्या फाइलीचे पुन्हा रूपांतर करायचे तेवढे राहिले होते. मेकचा विचार सुंदर आहे: कोणती वस्तू कशापासून बनते ते एकदा लिहून ठेवा. मूळ फाइल नंतरच्या वेळेची आणि तयार वस्तू आधीची असेल, तर तेवढीच पुन्हा बनवा. नांग्या भरण्याचे हे पहिले मोठे साधन. २००३ साली फेल्डमन यांना त्यासाठी एसीएम या संगणकशास्त्र संघटनेचा सन्मान मिळाला तो उचितच होता.

पण मेकमध्ये दोन उणिवा राहिल्या. कशावर काय अवलंबून आहे हे मूलतः माणसाने लिहायचे. एखादा धागा लिहायचा राहिला तर मेक गप्प राहतो आणि शिळी वस्तू ताजी म्हणून वाढतो. दुसरी उणीव अशी, की त्याचा सारा भरवसा घड्याळावर आहे. मजकूर न बदलता फाइल नुसती पुन्हा साठवली तरी तो काम करीत बसतो. उलट जुन्या संगणकातील घड्याळाची बॅटरी संपलेली असेल, तर वीज जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग आज सुधारलेली फाइल मेकला जुनी वाटते आणि तो म्हणतो, करण्यासारखे काही नाही! पुतणीच्या संगणकाची अवस्था नेमकी हीच होती.

अशी फसगत दोनदा झाली की माणसाचा साधनावरचा विश्वास उडतो. मग एक तोडगा पसरतो: काही विचित्र दिसले की आधीचे सगळे पुसा आणि पहिल्यापासून बांधा. तो तोडगा पाठ्यसूचनांत शिरतो आणि त्याचा विधी होतो. पुतणीला मिळालेल्या सूचनेत 'दर वेळी आधी सगळे पुसावे' असे लिहिलेले होते आणि ती ते मनोभावे करीत होती. वीज गेल्यावर आधीच्या बारा मिनिटांचे काम हाती राहिले नाही ते यामुळे. येथे मला शिक्षक म्हणून खंत वाटते. पुसून टाकल्याने दोष का गेला, हे न विचारता पुसत राहणे ही विज्ञानाची रीत नव्हे.

यावर उपाय माहीत आहे. घड्याळाऐवजी मजकुराकडे पाहायचे. प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून एक छोटी संख्या, जणू बोटाचा ठसा, काढून ठेवायची. ठसा बदलला तरच काम करायचे. 'सीकॅश' हे मोफत साधन असेच करते आणि सगळे पुसले तरी आधीचे रूपांतर आपल्या कोठारातून काढून देते. गूगलने २०१५ साली खुले केलेले 'बेझल' याच तत्त्वावर उभे आहे. मात्र बेझल शिकणे आणि चालवणे हेच लहान संगणकाला आणि लहान विद्यार्थ्याला जड जाते. मोठ्या कंपनीचे औषध मोठ्या कंपनीच्याच मात्रेत मिळावे, हा त्याचा दोष म्हटला पाहिजे.

थांबण्याची खरी किंमत

कोणी म्हणेल, दहा मिनिटे थांबले तर बिघडले काय? रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली संगणकाच्या प्रतिसादाला किती वेळ लागला तर माणसावर काय परिणाम होतो, याचा विचार मांडला. पुढे जेकब नील्सन यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात त्याची सोपी मर्यादा सांगितली: एका सेकंदापर्यंत विचाराचा ओघ टिकतो, सुमारे दहा सेकंदांपलीकडे लक्ष दुसरीकडे जाते. शिकणाऱ्यासाठी हे फार महत्त्वाचे आहे. जाणकार मनात दहा शक्यता तपासून एक बदल करतो. नवशिका मात्र करून पाहतो, चुकतो आणि पुन्हा करून पाहतो. त्याला तासात साठ प्रयत्न मिळाले तर तो शिकतो, पाच मिळाले तर कंटाळतो आणि 'हे आपल्याला जमणारे नाही' असे स्वतःबद्दल ठरवून बसतो. संथ साधनाचा दोष तो स्वतःच्या बुद्धीवर घेतो, हे सर्वांत वाईट.

आणि ही किंमत सर्वांना सारखी पडत नाही. साधने बनवणाऱ्यांच्या टेबलावर नवे, वेगवान यंत्र असते. तेथे जे वीस सेकंदांत होते त्याला जुन्या यंत्रावर पाव तास लागतो. विलंब ज्याला दिसत नाही तोच तो मान्य करीत असतो. विर्थ यांनी १९९५ साली सडपातळ आज्ञावलींसाठी केलेल्या आवाहनात हेच म्हटले होते, की यंत्रे जितक्या वेगाने सुधारतात त्याहून अधिक वेगाने आज्ञावली संथ होतात. त्यात एवढीच भर घालतो, की यंत्र सुधारण्याचा लाभ ज्याला वेळेवर मिळत नाही त्याच्या वाट्याला फक्त संथपणा येतो.

म्हणून बांधणीच्या साधनाची परीक्षा तीन प्रश्नांनी घ्यावी. काम बदलाच्या प्रमाणात होते की आज्ञावलीच्या आकाराच्या प्रमाणात? सगळे न पुसताही निकालावर विश्वास ठेवता येतो का? आणि ते साध्या यंत्रावर तपासले आहे का? टर्बो पास्कलने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चोख दिले, मेकने पहिल्याचे अर्धे. तिन्ही प्रश्नांत निर्विवाद उत्तीर्ण होणारे साधन विद्यार्थ्याच्या हाती अजून आलेले नाही, असे माझे मत आहे.

शिक्षकांना मात्र थांबण्याचे कारण नाही. पाच-सहा फाइलींची आज्ञावली घ्या. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे याची बाणांची आकृती मुलांना फळ्यावर काढायला सांगा. मग एक फाइल बदलल्याचे जाहीर करा आणि विचारा, आता काय काय पुन्हा करावे लागेल? आधी उत्तर लिहून घ्या, मग बांधणी करून पडताळा. जो शब्द वारंवार बदलणार तो सगळ्यांनी ओढलेल्या हेडरमध्ये ठेवू नये, हे मुले स्वतःच सांगतील. शिकताना कंपायलरच्या वेगवर्धक युक्त्या बंद ठेवाव्यात, हेही दाखवा.

पोखर्णीत आम्ही तेच केले. आकृती वहीत काढली, सूचनांचे मराठी शब्द हेडरमधून काढून एका स्वतंत्र फाइलीत नेले, घड्याळाची तारीख दुरुस्त केली आणि पुसण्याची सवय सोडली. पुढचा शब्द बदलला तेव्हा एकाच फाइलीचे नाव पडद्यावर आले, जोडणी झाली आणि खेळ सुरू झाला. दादा म्हणाला, "हां, आता नांग्या भरल्या." संगणकाच्या घड्याळाची बॅटरी अजून बदलायची आहे. ती बाजारात थोडक्या पैशांत मिळते.